मर्यादेयं विराजते : आंबवड्याची समाधी आणि सचिवपदाचा विस्तार

पुणे जिल्ह्याच्या दक्षिण भागात, भोरहून रायरेश्वराकडे जाणाऱ्या वाटेवर आंबवडे हे गाव आहे. नागेश्वराचे जुने देवालय आणि संस्थानी राजवटीच्या अखेरच्या काळात उभारलेला झुलता पूल यांमुळे प्रवाशांना ते परिचित असले, तरी मराठ्यांच्या राज्यव्यवस्थेच्या अभ्यासकाला ते वेगळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते. रोहिड खोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे, प्रतापगडच्या प्रसंगातील जिवा महाला आणि राजाराम महाराजांच्या काळातील सचिव शंकराजी नारायण या तिघांच्या समाध्या याच गावाच्या परिसरात आहेत. यांपैकी पहिल्याने स्वराज्याच्या आरंभी आपल्या वतनावर पाणी सोडले होते. तिसऱ्याच्या हयातीत राज्याचे एक पदच वतन होण्याच्या वाटेला लागले. या दोन घटनांमध्ये जेमतेम अर्धे शतक गेले असेल, पण तेवढ्या काळात मराठी राज्यातील पद, अधिकार आणि मर्यादा या तिन्ही शब्दांचे अर्थ पालटले.

एखाद्या पदाला लेखाने नेमून दिलेला अधिकार त्या लेखाच्या बाहेर केव्हा आणि कसा जातो, हा प्रश्न आज प्रामुख्याने राष्ट्रपती आणि राष्ट्राध्यक्ष या पदांविषयी विचारला जातो. अमेरिकेत 1952 साली अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलादाचे कारखाने सरकारच्या ताब्यात घेण्याचा काढलेला हुकूम तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला, तेव्हाही वादाचा मुद्दा हाच होता, आणि भारतात अध्यादेश, आणीबाणी व राष्ट्रपती राजवट यांवर होणाऱ्या चर्चेच्या मुळाशीही तोच असतो. मात्र ज्याचा आरंभ, विस्तार आणि शेवट असे तिन्ही टप्पे पूर्ण झालेले आहेत असे उदाहरण हवे असेल, तर भोरच्या पंतसचिवांचा पावणेतीनशे वर्षांचा इतिहास तपासणे अधिक फलदायी ठरते.

1674 साली रायगडावर राज्याभिषेक झाल्यानंतर काही दिवसांतच अष्टप्रधानांची कामे ठरवून देणारा एक लेख तयार झाला. तो ‘कानुजाबता’ या नावाने ओळखला जातो. कानू म्हणजे नियम आणि जाबता म्हणजे नेमणुकांची वा खर्चाची ठरवून दिलेली यादी, तेव्हा कोणत्या अधिकाऱ्याने काय करावे याची नियमबद्ध यादी असा त्याचा अर्थ होतो. मुख्य प्रधानाने सर्व राज्यकार्य करावे, अमात्याने जमाखर्च पाहावा, मंत्र्याने राजाच्या खाजगीकडे व भेटीगाठींकडे लक्ष ठेवावे, सुमंताने परराज्यांशी बोलणे करावे, अशी कामांची वाटणी त्यात आहे. पंडितराव आणि न्यायाधीश वगळता उरलेल्या सहा प्रधानांना प्रसंगी लढाईवर जाण्याचे व जिंकलेला मुलूख राखण्याचे कामही नेमून दिलेले होते, परंतु ते राजाच्या आज्ञेत राहून करावयाचे होते.

या आठांतील सचिवाचे काम विशेष लक्ष देण्याजोगे आहे. या पदाचे जुने फारसी नाव सुरनीस अथवा सुरनवीस. राज्याभिषेकाच्या वेळी प्रधानांच्या पदांना संस्कृत नावे देण्यात आली, तेव्हा सुरनिसाचा सचिव झाला. दरबारातून निघणारे प्रत्येक राजपत्र त्याने वाचायचे, मजकुरात अधिक-उणे अक्षर आढळल्यास ते दुरुस्त करायचे, महालांचे व परगण्यांचे हिशेब पडताळायचे आणि पत्रावर आपली खूण करून ते संमत करायचे, असे हे काम होते. त्या काळच्या कागदांवर दिसणारे ‘सुरू सूद’ आणि ‘बार’ असे शेरे दफ्तराच्या या तपासणीचीच साक्ष देतात. पत्राच्या माथ्यावर मुख्य शिक्का उमटे आणि मजकूर संपताच खाली एक लहान शिक्का उमटवला जाई, त्याला मोर्तब म्हणत. मराठीत आज सहज वापरला जाणारा ‘शिक्कामोर्तब’ हा शब्द या दोन शिक्क्यांच्या जोडीतून आला. शिवछत्रपतींच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे होती, म्हणजे ही मर्यादा येथे शोभते. त्या शिक्क्याच्या खाली कोणालाही, अगदी लिहिणाऱ्या कारकुनालाही, एक ओळ वाढवता येऊ नये हा त्याचा व्यवहारातील हेतू. राजाची आज्ञा जिथे संपते ते ठिकाण कागदावर दाखवून देणारी ही पद्धत होती, आणि त्या आज्ञेचे अक्षर न् अक्षर पडताळणारा अधिकारी म्हणजे सचिव. म्हणून अष्टप्रधानांत सचिवाची सत्ता फारशी मोठी नसली, तरी त्याचे स्थान मोक्याचे होते असेच म्हणावे लागेल.

या व्यवस्थेतील दुसरी गोष्ट वेतनाची. प्रधानांना जहागिरी न देता रोख वेतन द्यावे असे धोरण होते. पेशव्याला वर्षाला 15,000 होन, अमात्याला 12,000 होन आणि इतरांना प्रत्येकी 10,000 होन अशी नेमणूक असल्याचे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावरील आपल्या 1900 सालच्या ग्रंथात नोंदवले आहे. पदे वंशपरंपरेने द्यायची नाहीत, याकडेही रानड्यांनी वाचकांचे लक्ष वेधले. नेताजी पालकरांच्या जागी प्रतापराव गुजर आले आणि प्रतापरावांच्या मृत्यूनंतर हंबीरराव मोहिते, म्हणजे सेनापतिपद एका घराण्यातून दुसऱ्या घराण्यात गेले. पेशवेपदही शिवछत्रपतींच्या काळात एकाच घराण्याकडे राहिले नाही. ज्याचे वेतन खजिन्यातून येते, ज्याला दूर करता येते आणि ज्याच्या मुलाला ते पद आपोआप मिळत नाही, तोच खरा अधिकारी, अशी या व्यवस्थेची धारणा होती.

तथापि कानुजाबत्यात एक उणीव होती आणि ती मान्य केल्याखेरीज पुढचा इतिहास नीट समजत नाही. कोणी काय करावे हे त्यात सांगितले आहे, परंतु कोणी मर्यादा ओलांडली तर त्याला कोणी अडवावे हे सांगितलेले नाही, कारण ते उत्तर लेखाबाहेर, म्हणजे सिंहासनावर होते. ती सारी व्यवस्था एका समर्थ राजावर उभी होती. राजा समर्थ असेतोवर आठही प्रधान आपापल्या रेषेत राहिले. 1680 साली शिवछत्रपतींचे निधन होताच त्याच आठांपैकी काहींनी गादीवर कोण बसावे हे ठरवण्याचा प्रयत्न केला, आणि त्या खटपटीत पुढाकार घेणाऱ्यांत स्वतः सचिव अण्णाजी दत्तो होते. संभाजी महाराजांनी पुढच्याच वर्षी त्यांना देहान्ताची शिक्षा दिली.

खरे वळण आले ते 1689 मध्ये. मार्चमध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली, पाठोपाठ रायगड पडला, त्यांच्या पत्नी येसूबाई आणि मुलगा बाल शाहू मोगलांच्या कैदेत गेले आणि राजाराम महाराजांना आपली राजधानी शेकडो कोस दूर तामिळ मुलखात, जिंजीला न्यावी लागली. राजा जिंजीत आणि राज्य महाराष्ट्रात, अशी अवस्था सुमारे आठ वर्षे राहिली. या काळात महाराष्ट्राचा कारभार ज्यांनी सांभाळला त्यांत रामचंद्रपंत अमात्य आणि शंकराजी नारायण हे दोघे प्रमुख होते. रामचंद्रपंतांना ‘हुकूमतपनाह’ म्हणजे हुकमतीचे आश्रयस्थान ही पदवी मिळाली, शंकराजींना सचिवपद आणि ‘मदारुलमहाम’ म्हणजे राज्यकार्याचा आधार हा किताब मिळाला, आणि जिंजीत प्रल्हाद निराजी यांच्यासाठी ‘प्रतिनिधी’ नावाचे नवे पद निर्माण करण्यात आले. प्रतिनिधी म्हणजे राजाच्या जागी उभा राहणारा. कानुजाबत्यातील आठ पदांत या पदाला जागा नव्हती. ती जागा काळाने निर्माण केली.

त्या वेळी हे सारे करणे भागच होते, ही गोष्ट स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. शंकराजींसारख्यांनी राजाच्या प्रत्यक्ष आज्ञेची वाट पाहत बसण्याचे ठरवले असते, तर मावळचे किल्ले परत मिळाले नसते आणि संताजी-धनाजींच्या फौजांना रसद व पैसाही पोचला नसता. भोर-वेल्हे परिसरातील रोहिडा, राजगड, तोरणा यांसारख्या गडांच्या आसऱ्याने हे युद्ध लढले गेले आणि ते गड मोगलांकडून काढून घेण्यात व राखण्यात सचिवांचा मोठा वाटा होता. संकटकाळात वाढलेला अधिकार हा नेहमी लोभातूनच वाढतो असे मानणे अन्यायाचे होईल. अनेकदा तो कर्तबगारीतून आणि निष्ठेतून वाढतो, आणि म्हणूनच संकट टळल्यावर तो परत मागणे अधिक अवघड जाते.

अधिकार वाढला त्याबरोबर त्याचे मोलही बदलले. मोगल बादशहा वतने आणि मनसबी देऊन मराठे सरदारांना फोडत होता, तेव्हा त्यांना राखण्यासाठी राजाराम महाराजांनाही वतने व सरंजाम द्यावे लागले. हणमंतराव घोरपड्यांना 1691 मध्ये दिलेल्या पत्रात तर अद्याप न जिंकलेल्या मुलखावर, थेट दिल्लीपर्यंतच्या मोहिमेवर, सरंजामाचे आश्वासन आहे. सरंजाम म्हणजे फौज ठेवण्यासाठी तोडून दिलेला महसुली मुलूख. खजिन्यात होन नव्हते म्हणून जमीन दिली गेली, आणि जमीन दिली की ती बापाकडून मुलाकडे जाणार हे ओघाने आलेच. भोर संस्थानाचा आरंभ सर्वसाधारणपणे 1697 पासून धरतात तो याच काळातील आहे. रोख वेतनावरच्या सचिवाचा मुलूख असलेला सचिव झाला.

इथे आंबवड्यातील दुसऱ्या समाधीकडे वळावे लागते. 1659 मध्ये अफझलखान चालून आला तेव्हा मावळातील देशमुखांना विजापूरच्या आदिलशहाची फर्माने आली की, खानाच्या चाकरीत हजर व्हा, नाही तर वतन जाईल. कान्होजी जेधे आपल्या मुलांसह शिवाजी महाराजांकडे आले आणि वतनाचा मोह सोडल्याची खूण म्हणून त्यांनी हातावर पाणी सोडले, असे जेध्यांच्या घराण्याच्या करिन्यात सांगितलेले आहे. करिना म्हणजे घराण्याने आपल्या हक्कांच्या पुराव्यासाठी लिहून ठेवलेली हकीकत. जेध्यांचे वतन पुढे चालू राहिले हे खरे, परंतु ते राजाने दिले म्हणून राहिले. त्या क्षणी कान्होजींनी ते हातचे सोडले होते. पिढीजात वतनदाराने वतन सोडून राज्याची चाकरी पत्करावी आणि त्याच खोऱ्यात पन्नास वर्षांच्या आत राज्याच्या चाकराचे पद पिढीजात वतन व्हावे, हे अंतर या दोन समाध्यांमध्ये आहे. वतनदारांच्या या वृत्तीविषयी सर्वांत स्पष्ट इशारा 1715-16 च्या सुमाराच्या ‘आज्ञापत्रा’त आहे, वतनदार म्हणजे लहान लहान स्वतंत्र राजेच असून राज्याने त्यांना सांभाळून पण धाकात ठेवावे, असा त्याचा आशय आहे. हा ग्रंथ रामचंद्रपंत अमात्यांचा मानला जातो. त्यांच्या घराण्याकडेही पुढे गगनबावड्याची जहागीर चालत राहिली, म्हणजे धोका ओळखणाऱ्यालाही त्यातून सुटका नव्हती.

1707 मध्ये औरंगजेब मरण पावला आणि मोगलांनी शाहूला सोडून दिले. आता दोन छत्रपती समोरासमोर आले: दिवंगत राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाई यांचा मुलगा शिवाजी आणि संभाजी महाराजांचा मुलगा शाहू. ताराबाईंनी आपल्या प्रमुख सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून निष्ठेची शपथ घेतली होती आणि शंकराजी नारायण त्या पक्षात होते. खेडच्या लढाईनंतर शाहू साताऱ्याकडे निघाला तेव्हा वाटेत मावळचे किल्ले सचिवांच्या हाती होते. शाहूने त्यांना भेटीस बोलावले. गेले तर शपथ मोडते, न गेले तर ज्येष्ठ शाखेच्या वारसाशी लढावे लागते, अशा पेचात शंकराजींनी आंबवड्यास आपल्या जीवनाचा शेवट केला. जलसमाधी घेतली असे एक परंपरा म्हणते, हिरकणी गिळली असे दुसरी म्हणते. त्यांचा मृत्यू त्या शपथेमुळे झाला यावर मात्र दोन्हींचे एकमत आहे. राज्यकारभाराच्या दृष्टीने या मृत्यूचा अर्थ खोल आहे. कानुजाबत्याप्रमाणे सचिवाची बांधिलकी राजपत्राशी, म्हणजे पदाशी आणि लेखाशी होती. 1707 पर्यंत ती एका व्यक्तीला दिलेल्या वचनाशी येऊन ठेपली होती, आणि ज्या दिवशी दोन व्यक्तींनी तिच्यावर हक्क सांगितला त्या दिवशी ते वचन पाळणाऱ्या माणसाला कोणतीच वाट उरली नाही.

शाहूने शंकराजींच्या घराण्यावर राग धरला नाही; त्याने सचिवपदाची वस्त्रे त्यांच्या अगदी लहान मुलाला, नारो शंकर यांना दिली. हा त्याचा उदारपणा होता आणि राजकीय शहाणपणही, परंतु राजपत्रांतील अधिक-उणे अक्षर पडताळण्याचे काम आता ज्याला अक्षरओळखही नाही अशा मुलाच्या नावावर चालू झाले. पद आणि पदाचे काम यांची फारकत इतक्या उघडपणे दाखवणारी दुसरी घटना मराठ्यांच्या इतिहासात क्वचितच सापडेल.

पुढे हिंगणगावच्या दमाजी थोरातांच्या बंडाळीत सचिवांचे घराणे संकटात सापडले, तेव्हा त्यांची सुटका करण्यात बाळाजी विश्वनाथांनी पुढाकार घेतला, आणि सचिवांच्या मातोश्री येसूबाईंनी उपकाराची फेड म्हणून पुरंदर किल्ला त्यांच्या स्वाधीन केला. बाळाजी विश्वनाथ 1713 मध्ये पेशवे झाले होते. पुरंदरासारखा गड राज्याचा असताना तो एका प्रधानाकडून दुसऱ्या प्रधानाकडे खाजगी ऋणाच्या फेडीसारखा जावा, यावरून पदाधिकाऱ्यांच्या मनात राज्य आणि घर यांमधील सीमा किती पुसट झाली होती हे कळते.

1719 मध्ये बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. चौथाई म्हणजे मोगली मुलखाच्या महसुलाचा चौथा हिस्सा. तिची वाटणी ज्या पद्धतीने ठरली ती आकड्यांत मांडली की सचिवपदाचे रूपांतर डोळ्यांसमोर उभे राहते. चौथाईचे 100 रुपये वसूल झाले तर त्यातील 25 रुपये ‘राजबाबती’ म्हणून छत्रपतींचे. 6 रुपये ‘सहोत्रा’ म्हणून पंतसचिवांचे. 3 रुपये ‘नाडगौडा’ म्हणून राजाने इच्छेप्रमाणे कोणाला द्यावेत असे. आणि उरलेले 66 रुपये ‘ऐन मोकासा’ म्हणून फौजा बाळगणाऱ्या सरदारांचे. सहोत्रा हा शब्द शेकडा सहा या दरावरूनच आला. मराठ्यांचे घोडे जिथे जिथे पोचतील तिथल्या वसुलीत सचिवांचा शेकडा सहाचा हक्क, आणि तो वसूल करायला त्यांचे स्वतःचे कारकून. रायगडाच्या खजिन्यातून वर्षाला 10,000 होन मोजून घेणाऱ्या सुरनिसाचे आणि खानदेश-गुजरातेच्या वसुलीत हिस्सेदार असणाऱ्या या सचिवाचे पदनाम सोडले तर दुसरे काहीच समान राहिले नव्हते. अधिकाराला स्वतःचे उत्पन्न मिळाले की त्याला वरच्याची गरज उरत नाही. कानुजाबता लिहिणाऱ्यांना हे पक्के ठाऊक होते, म्हणूनच त्यांनी वेतन रोख ठेवले होते.

मात्र सचिवांपेक्षा कितीतरी अधिक वेगाने मर्यादा ओलांडली ती मुख्य प्रधानाने. त्याचा निर्णायक क्षण 1750 मध्ये आला. शाहू 1749 च्या डिसेंबरात निवर्तले, रामराजा गादीवर बसला आणि पुढच्या वर्षी सांगोल्याच्या मुक्कामी झालेल्या करारान्वये राज्याचा कारभार पेशव्यांनी चालवावा आणि छत्रपतींनी त्याला मान्यता द्यावी असे ठरले. कारभार पुण्यात आला, छत्रपती साताऱ्यात राहिले. याच वर्षी ताराबाईंनी पतीच्या समाधीच्या दर्शनासाठी म्हणून सिंहगड गाठला आणि तेव्हाच्या सचिवांना पेशव्यांविरुद्ध उभे करण्याचा प्रयत्न केला. ज्या घराण्याच्या मूळ पुरुषाने त्यांच्या शपथेपायी प्राण दिला, त्याच घराण्याच्या दारी वयोवृद्ध ताराबाई 43 वर्षांनी पुन्हा आल्या होत्या. त्यातून काही निष्पन्न झाले नाही. पेशव्यांनी सचिवांना तुंग आणि तिकोना देऊन सिंहगड आपल्याकडे घेतला.

इथे सचिवपदाच्या मूळ कामाचा अभाव सर्वांत तीव्रपणे जाणवतो. सांगोल्याचा करार हे राज्याच्या इतिहासातील सर्वांत दूरगामी राजपत्र. ते वाचून, यात मुख्य प्रधानाला नेमून दिलेल्या कामापेक्षा अधिक काही लिहिले गेले आहे असे म्हणण्याचा अधिकार ज्या पदाकडे होता, त्या पदाजवळ त्या वेळी किल्ले होते, सहोत्रा होता, कारकून होते, आणि फक्त तपासणी उरली नव्हती. प्रत्येक प्रधान आपापला मुलूख राखण्यात गुंतला, म्हणून एक प्रधान सर्वांच्या वर गेला. पेशवे बळकट होते एवढेच कारण देऊन हा बदल समजावणे अपुरे आहे. त्यांना अडवण्यासाठी निर्माण केलेली पदे आतून पोकळ झाली होती, हे त्याचे मोठे कारण होय. पुढे तोच प्रकार पेशव्यांच्या घरातही झाला आणि सवाई माधवरावांच्या बालपणी राज्याचा कारभार फडणिसांच्या, म्हणजे मुळात हिशेब ठेवणाऱ्या अधिकाऱ्याच्या, हाती एकवटला.

आणि तरीही बाह्य रूप शेवटपर्यंत सांभाळले गेले. प्रत्येक पेशव्याने साताऱ्याहून वस्त्रे घेतली, पेशव्यांच्या शिक्क्यांत छत्रपतींचे नाव आधी आणि आपले नाव ‘प्रधान’ म्हणून नंतर येत राहिले. मर्यादा मोडल्यावरही तिचा शिक्का उमटत राहतो, ही या इतिहासातील सर्वांत चिंता करण्याजोगी गोष्ट आहे.

1818 मध्ये पेशवाई संपली, 1820 मध्ये पंतसचिवांचा कंपनी सरकारशी करार झाला आणि ते साताऱ्याच्या छत्रपतींचे जहागीरदार म्हणून राहिले. 1848 मध्ये सातारचे राज्यही खालसा झाले. ज्याचा सचिव, तो राजाच उरला नाही. पण सचिव मात्र त्यानंतर शंभर वर्षे राहिले, ब्रिटिश अमलात त्यांना ‘राजा’ ही उपाधीही मिळाली. विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, सुधागड आणि पवनमावळ असे भोर संस्थानाचे पाच तालुके होते. त्यांतील विचित्रगड म्हणजे रोहिडा आणि प्रचंडगड म्हणजे तोरणा. ज्या गडांच्या रक्षणासाठी हे पद वाढले, त्यांची नावे अखेर महसुली विभागांना राहिली.

जिंजीत जन्मलेल्या प्रतिनिधीपदाचेही असेच औंध संस्थान झाले होते. तिथे मात्र 1939 मध्ये भवानराव पंतप्रतिनिधींनी, महात्मा गांधींच्या सल्ल्याने आणि मॉरिस फ्रीडमन यांच्या साहाय्याने तयार झालेली राज्यघटना लागू करून आपला अधिकार ग्रामपंचायतींच्या पायावर उभ्या असलेल्या लोकनियुक्त सभेकडे सोपवला. जे पद राजाच्या नावाने वाढले होते ते प्रजेकडे परत करण्याचे हे कृत्य मराठी राज्यव्यवहाराच्या इतिहासात फार मोलाचे आहे, आणि त्याची आठवण आज फारशी ठेवली जात नाही याची खंत वाटते. भोर आणि औंध ही दोन्ही संस्थाने 8 मार्च 1948 रोजी मुंबई प्रांतात विलीन झाली.

या पार्श्वभूमीवर भारताच्या राष्ट्रपतिपदाकडे पाहिले असता प्रश्नाचे स्वरूप बदलते. संविधानाच्या अनुच्छेद 53 प्रमाणे संघराज्याचा कार्यकारी अधिकार राष्ट्रपतींकडे आहे आणि अनुच्छेद 77 प्रमाणे सरकारची प्रत्येक कृती त्यांच्या नावाने होते, परंतु अनुच्छेद 74 प्रमाणे तो अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो. छत्रपतींच्या नावाने पेशव्यांनी राज्य करावे यासारखीच ही रचना वरवर दिसते. फरक इतकाच, आणि तो फार मोठा आहे, की अनुच्छेद 75 ने मंत्रिमंडळाला लोकसभेला जबाबदार केले आहे; पेशवा कोणालाच जबाबदार नव्हता. म्हणून भारतात राष्ट्रपतींचा अधिकार वाढला का, असे विचारण्यापेक्षा राष्ट्रपतींच्या नावाने वापरला जाणारा अधिकार कोणी तपासतो का, असे विचारणे योग्य.

25 जून 1975 च्या रात्री तो तपासला गेला नाही. राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांनी केवळ पंतप्रधानांच्या पत्रावर आणीबाणीच्या घोषणेवर स्वाक्षरी केली आणि मंत्रिमंडळाची मान्यता दुसऱ्या दिवशी सकाळी घेण्यात आली. मर्यादेच्या शिक्क्याखाली एक ओळ वाढवली गेली ती अशी. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीने ही फट बुजवली: आणीबाणीसाठी मंत्रिमंडळाचा निर्णय राष्ट्रपतींना लेखी कळवलाच पाहिजे, संसदेची मान्यता एका महिन्याच्या आत विशेष बहुमताने मिळाली पाहिजे, आणि मंत्रिमंडळाचा सल्ला एकदा फेरविचारासाठी परत पाठवण्याचा हक्क राष्ट्रपतींना आहे, असे ठरले. संकटकाळात वाढलेला अधिकार संकट संपल्यावर लेखाने परत घेता येतो, याचे हे उदाहरण आहे. 1707 नंतर मराठी राज्यात नेमके हेच घडू शकले नाही.

अध्यादेशांच्या बाबतीत तपासणीचे काम पुण्यातून झाले. विधिमंडळाचे अधिवेशन चालू नसताना निकडीसाठी काढलेला कायदा म्हणजे अध्यादेश. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत तो मंजूर झाला नाही तर त्याचा अंमल संपतो. गोखले अर्थशास्त्र संस्थेतील प्राध्यापक डी. सी. वाधवा यांनी बिहार सरकारची राजपत्रे चाळून दाखवून दिले की, 1967 ते 1981 या काळात तिथे 256 अध्यादेश वेळोवेळी पुन्हा काढून जिवंत ठेवले गेले, त्यांतील काही जवळजवळ 14 वर्षे, आणि 69 अध्यादेश तर राष्ट्रपतींच्या पूर्वपरवानगीने. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने डिसेंबर 1986 मध्ये या प्रथेला संविधानाची फसवणूक ठरवले. प्रत्येक राजपत्र वाचावे आणि त्यात अधिक-उणे काय आहे ते पाहावे, हे 1674 मध्ये सचिवाला नेमून दिलेले काम होते. तीनशे वर्षांनंतर ते एका नागरिकाने, कोणत्याही पदाविना आणि सहोत्र्याविना केले. मर्यादा टिकते ती अशा वाचणाऱ्यांमुळे, आणि ज्या राज्यात कागद वाचणारी पदे स्वतःच्या लाभात रमतात तिथे ती टिकत नाही, असा भोरच्या कागदपत्रांचा निर्वाळा आहे.

आंबवड्यास विसावलेल्या सचिवाला जी शपथ जड गेली ती एका व्यक्तीच्या नावाची होती. 26 जानेवारी 1950 पासून भारताचे प्रत्येक राष्ट्रपती अनुच्छेद 60 प्रमाणे जी शपथ घेतात, ती संविधान आणि कायदा यांचे जतन, संरक्षण व बचाव करण्याची आणि जनतेच्या सेवेची आहे. तिच्यात कोणाही व्यक्तीचे किंवा घराण्याचे नाव नाही.